कुलस्वामिनीचा पासवर्ड

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी एक चिमुकलं कुलूप दिसतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दत्तात्रेय सरांना जो आनंद झाला, तो निवृत्तीच्या दिवशीच्या शाल-श्रीफळानंही झाला नव्हता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते फोन पुढे करून दाखवत, "हे बघा, कुलूप. म्हणजे आत सगळं सुरक्षित." पाहुणा चष्मा सावरत मान डोलवायचा आणि पोह्यांकडे वळायचा.

सर चौतीस वर्षं भूगोल शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागे स्वतःचं घर, सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी आणि उरलेला सगळा दिवस कुलमंडळाचं चिटणीसपद. आडनाव सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं तर निम्मी रत्नागिरी म्हणेल हे आमचेच, आणि उरलेली निम्मी म्हणेल आमच्या सुनेचं माहेर. तर या कुळाचा वृत्तांत, म्हणजे चौदा पिढ्यांत कोण कुणाचा मुलगा, कोण कुठे नांदते, कुणाचा पत्ता काय, हा अकराशे पानांचा ठोकळा सरांनी संगणकावर चढवायचा घाट घातला होता. छापील प्रत पाच वर्षांत शिळी होते, मुलं जन्मतात, म्हातारे जातात, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

संकेतस्थळ बनवलं नितेशनं. हा सरांचाच जुना विद्यार्थी. आता चाळिशीला आलेला, संगणकाचं स्वतःचं दुकान असलेला. त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं, "सर, परत्येक घराला वेगळा पासवर्ड देऊया. माझं काम वाढंल, पन तेच बरं."

"अरे, आमच्यात ऐंशीच्या पुढचे बावन्न सभासद आहेत. त्यांना डोळ्यावरचा चष्मा सापडत नाही, पासवर्ड कुठला सापडतोय?"

मग कार्यकारिणीची बैठक झाली, दोनदा चहा झाला आणि तोडगा सरांनाच सुचला. सगळ्यांना एकच पासवर्ड, आणि तो कुलस्वामिनीचं नाव. योगेश्वरी. इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं. "ज्याला कुलस्वामिनी आठवत नाही, तो आपल्या कुळातला कसला?" सर म्हणाले आणि बैठकीत टाळ्या पडल्या.

नितेशनं डोकं खाजवलं. "पन सर, ह्ये बाहेरच्यालापन म्हायती असनार ना वो."

"बाहेरचा कशाला येतोय आमच्याकडे? इथे काय बँक आहे लुटायला? आणि वर कुलूप आहे ना!"

"तां कुलूप वाटेसाठी हाय, सर. तुमच्या फोनपासून तिथपर्यंत जाताना मदी कोन वाचू शकनार नाय, एवडंच. आत कोन शिरला तां त्याला कळत नाय."

पण हा नितेश म्हणजे नकाशात वाशिष्ठी नदी उलटी वाहवली म्हणून सरांच्या हातची पट्टी खाल्लेला नितेश. त्याचं ऐकून घेण्याची सरांना सवयच नव्हती. माणूस मोठा प्रेमळ, मोठा सचोटीचा, पण एकदा वाटलं की आपल्याला कळतं, की मग ब्रह्मदेव आला तरी त्याला बाकावर उभं करतील असा. त्यांनी नितेशच्या पाठीवर थाप मारली आणि विषय संपवला.

उद्घाटन दणक्यात झालं. पहिल्या रांगेत जावई बसले होते, प्रत्येकाच्या हातात नारळ. त्यात सरांचा एकुलता एक जावई उन्मेषही होता. पुण्याचा, मोठ्या कंपनीतला, सासऱ्यांना वाकून नमस्कार करणारा. त्यानं हात वर करून हसत विचारलं, "बाबा, पासवर्ड काय म्हणालात?" आणि सरांनी तो ध्वनिक्षेपकावरून दोनशे माणसांना दोनदा सांगितला, वर स्पेलिंगही सांगितलं.

या गोष्टीला वर्ष झालं असेल, तेव्हा एका सकाळी सावनी एक बॅग आणि सहा वर्षांची ईशा घेऊन दारात उभी राहिली. सरांची ही लेक लहानपणापासून कमी बोलणारी. तिनं बाहीचं बटण काढून आईला, कमलाताईंना, दंड दाखवला. वाकून नमस्कार करणारा तो हात बंद दाराआड काय करत होता, ते त्या दंडावर उमटलं होतं, आणि ते एका दिवसाचं नव्हतं.

"पोलिसात जाऊ या," कमलाताई म्हणाल्या.

"घरातली गोष्ट घरात मिटवू. मी बोलतो त्याच्याशी," सर म्हणाले. त्यामुळे सावनीच्या हातात कुठला कागद नाही, तक्रार नाही, काही म्हणता काही राहिलं नाही. सर बोलले. उन्मेष रत्नागिरीला आला, चहा प्याला, चुकलं म्हणाला, आणि रिकामा कप सावनीच्या हातात देता देता त्यानं तिचं मनगट असं पिरगळलं की कप फुटला. त्यानंतर आठ दिवसांत सावनी तिथून निघाली.

ती गेली चिपळूणजवळच्या सावर्ड्याला. तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी मिळाली. गंगाबाई नावाच्या एकट्या बाईच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, ईशाला जवळच्या शाळेत पहिलीत घातलं, फोनचा नंबर बदलला. निघताना तिनं आईवडिलांना समोर बसवून सांगितलं, "मी कुठे आहे ते कुणालाही सांगू नका. काकाला नाही, आत्याला नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

"वेडी आहेस का, आम्ही सांगू?" सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

दर रविवारी तिचा फोन यायचा. ईशा रात्री दचकून उठायची थांबली, हे तिनं तीन महिन्यांनी सांगितलं. मोठ्यानं कुणी बोललं की ती टेबलाखाली जाऊन बसायची, तेही थांबलं. आता गंगाबाईंच्या कोंबड्यांना नावं देते म्हणे. हे ऐकलं की सर फोन कमलाताईंकडे देऊन उगाच अंगणात जाऊन उभे राहायचे.

याच सुमारास संकेतस्थळाच्या नूतनीकरणासाठी नितेश घरी आला होता. "सर, वर्स कदीच झालं. आता पासवर्ड बदलून टाकूया. इतक्या लोकांच्या तोंडी झालाय."

"कुलस्वामिनी बदलते का रे कुठे?" सर म्हणाले. आपल्या या उत्तरावर ते इतके खूश झाले की संध्याकाळी त्यांनी ते अध्यक्षांना फोन करून ऐकवलं.

मग मार्गशीर्षात ईशाला ताप आला. चार दिवस उतरेना. सावनी लॅबमधून धावत घरी, घरून धावत लॅबमध्ये. फोनवर तिचा आवाज नुसता ओढलेला. सरांचा जीव तीळतीळ तुटला. कमलाताईंचा गुडघा सुजलेला, जाणार कोण? त्यांनी कुलवृत्तांत उघडला. चिपळूण तालुक्यात आपल्या कुळाची पाच घरं, त्यातलं एक तर सावर्ड्यापासून हाकेच्या अंतरावर! आणि माझी पोरगी तिथे परक्यासारखी राहते, याचं त्यांना फार वाईट वाटलं. आपलं माणूस जवळ आहे हे त्या लोकांना कळलं, तर कुणी डबा आणून देईल, कुणी पोरीजवळ बसेल.

त्यांनी सावनीचं पान उघडलं. तिथे अजून उन्मेषचा पुण्याचा पत्ता होता. तो पत्ता बघून त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. ज्या घरातून लेक जीव मुठीत धरून निघाली, त्या घराची म्हणून तिची नोंद राहावी? सरांनी तो खोडला. नवा लिहिला, द्वारा गंगाबाई, शाळेच्या मागे, सावर्डे. फोनचा रकाना होता, तो भरला. अपत्यांच्या खाली शिक्षणाचा रकाना होता. रिकामा रकाना सरांना आयुष्यात कधी सहन झाला नाही, म्हणून तिथे ईशाची शाळा आणि इयत्ताही भरली. 'कुणालाही सांगू नका' हे त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण हे काही कुणाला सांगणं नव्हतं. हे सभासदांसाठीचं पान, पासवर्डाच्या आत, कुलपाच्या आत. आपली माणसं म्हणजे 'कोणी' नव्हेत. त्यांनी बटण दाबलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

पाच घरांपैकी एकानंही ते पान उघडलं नाही. डबा आला नाही, कुणी विचारपूस केली नाही. ईशाचा ताप आपला आपण उतरला.

एकोणीस दिवसांनी, मंगळवारी, दुपारी दीड वाजता सावनीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. "बाबा, ईशा नाही. शाळेतून नेलं त्यानं."

उन्मेष सरळ मधल्या सुट्टीत शाळेत आला होता. इस्त्रीचा शर्ट, मिठाईचा पुडा, मुलीचा जन्मदाखला, आधार कार्ड. बाईंनी ईशाला बोलावलं. तिनं त्याला पाहिलं आणि ती पुतळ्यासारखी उभी राहिली. "कोण आहेत हे?" बाईंनी विचारलं. "बाबा," ती म्हणाली. मुलगी बाबा म्हणते, कागद बरोबर आहेत, माणूस सज्जन दिसतो. बाईंनी दप्तर त्याच्या हातात दिलं. पुढे महामार्गावरून त्यानं सावनीला फोन केला. "ईशाला घरी घेऊन चाललोय. तुला तिची आठवण आली तर घर माहीत आहेच."

सर आणि कमलाताई गाडी करून सावर्ड्याला पोचले तेव्हा सावनी पोलिसांकडून परत आली होती. तिथला हवालदार वाईट नव्हता. त्यानं पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, बापानं पोरगी नेली, त्याला आमी पळवली कसं म्हणनार? आधीची एखादी तक्रार हाय का?" नव्हती. "मग कोर्टात जा." हे ऐकताना सरांनी मान खाली घातली.

पण खरा प्रसंग अंगणात झाला. सावनी गंगाबाईंसमोर उभी होती आणि ही कमी बोलणारी मुलगी तारस्वरात ओरडत होती. "तुम्हीच सांगितलंत! माझ्या आईवडलांशिवाय फक्त तुम्हाला माहीत होतं! किती दिले त्यानं तुम्हाला?"

गंगाबाई साठीच्या, काटकुळ्या. "बाय माझे, माज्या मेलेल्या लेकाची शपथ. मी कोनाजवळ चकार शब्द काढलेला नाय. तुजी पोर ती माजी नात नाय काय गो?" आणि मटकन पायरीवर बसून त्यांनी पदर तोंडावर घेतला. आजूबाजूच्या घरांतून माणसं बघत होती.

सर तिथेच उभे होते, चार पावलांवर. त्यांना कळलं होतं. म्हणजे पूर्ण कळलं नव्हतं, पण माणसाला जितकं कळायला लागतं तितकं कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते मूग गिळून उभे राहिले. हॅक झालं असेल, ते मनाशी म्हणाले. हे हॅकर लोक कुठून कुठून फोडतात, मोठमोठ्या कंपन्यांचं फोडतात, त्यात आपला काय दोष. एक म्हातारी बाई त्यांच्या वाटणीचं रडत होती आणि ते तिला रडू देत होते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच रत्नागिरीला परतले आणि थेट नितेशच्या दुकानात गेले. "नितेश, आपलं संकेतस्थळ कुणीतरी हॅक केलंय. बघ बरं. चीनमधून असेल, नाहीतर कुठून."

नितेशनं बराच वेळ आकड्यांच्या ओळी खालीवर केल्या. मग खुर्ची सरांकडे वळवली आणि आधी गिऱ्हाईकाला बाहेर थांबायला सांगितलं.

"सर, कोनी काय फोडलेलं नाय."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. पुन्याचा एक फोन हाय. परत्येक पंधरा दिवसांनी येतो. पासवर्ड टाकतो, एकच पान उघडतो, बंद करतो. दुसरीकडं कुटं जात नाय. आठ महिने चाललंय." त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्या महिन्याच्या सहा तारखेला त्यानं त्या पानाचा फोटो काडून घेतलाय बहुतेक, लई वेळ उघडं होतं. त्यानंतर परत आलेला नाय. दरवाजातनं आला सर, आनी चावी लावून आला. आपन दिलेली."

आठ महिने. म्हणजे आपण तो रकाना भरेपर्यंत तो माणूस दर पंधरवड्याला येऊन, पुण्याचा स्वतःचाच पत्ता बघून, परत जात होता. घाई नाही, संताप नाही. त्याला सासऱ्यांचा स्वभाव माहीत होता. सासरे केव्हा ना केव्हा रकाना भरणारच, याची त्याला खात्री होती.

"तुझं मी आधीच का नाही रे ऐकलं!" सर म्हणाले. 'मी सांगत होतो' असं नितेश एकदा जरी म्हणाला असता तर सरांना बरं वाटलं असतं. त्यानं फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

अध्यक्षांच्या कानावर ही गोष्ट घातली तेव्हा ते म्हणाले, "अरेरे! चांगला अँटिव्हायरस घेऊ या. आणि पासवर्ड बदलून गोत्र ठेवू." सरांना हसावं की रडावं कळेना. दोन दिवसांपूर्वी हेच त्यांनी स्वतः सुचवलं असतं.

तिकडे वकिलानं सांगितलं होतं, अर्ज करू, पण तारीख मिळायला वेळ लागेल. महिना, दोन महिने, सांगता येत नाही. आणि उन्मेष रोज संध्याकाळी सात वाजता फोन लावून ईशाच्या हातात द्यायचा. ती बोलत नसे. नुसता श्वास ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आई, मी टेबलाखाली आहे."

शनिवारी सकाळी सर सावर्ड्याला पोचले तेव्हा सावनी बॅग भरत होती. कमलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडून रडून चेहरा सुजलेला. विचारायची गरज नव्हती.

"नको जाऊस," सर म्हणाले.

"मग तिला कोण बघेल तिथे?"

सर खाटेच्या कडेवर बसले. चार दिवस दडवून ठेवलं होतं ते त्यांनी एकदाचं बाहेर काढलं. पत्ता कुणी दिला, कुठे लिहिला, का लिहिला. पासवर्ड कसा होता. सगळं सांगितलं, शाळेचा रकानाही सांगितला. बोलताना त्यांचा आवाज वर्गात कधी चिरकला नव्हता तसा चिरकला.

सावनी फ्रॉकची घडी घालत होती. ती पुरी झाल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय?"

"त्यानं मंगळवारी रात्रीच सांगितलं मला. हसत सांगितलं. तुझ्या बाबांनीच पत्ता दिला म्हणाला."

"मग तू मला काही बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगता का ते बघत होते." तिनं बॅगेची चेन ओढली. "गंगाबाईंची माफी मी बुधवारी सकाळी मागितली, बाबा. तुम्ही रत्नागिरीला गेला होतात."

त्या बोलण्यात राग असता तर सर त्याच्याशी झगडले असते, पाया पडले असते. राग नव्हता. चार दिवस तिनं वाट पाहिली होती आणि आता तिचं वाट पाहणं संपलं होतं. सरांना हमसून रडू आलं, आणि आपल्या लेकीसमोर ते पहिल्यांदाच तोंड न लपवता रडले. ती पुढे आली नाही. कमलाताईही आल्या नाहीत.

चिपळूणच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. सर सोबत चलतो म्हणाले, तिनं नको म्हटलं. तुम्ही आलात तर तो माझ्यावर काढेल, म्हणाली. गाडीनं हॉर्न दिला तशी कमलाताईंनी खिडकीशी जाऊन तिचा हात धरला. "पोचलीस की फोन कर गो."

"करीन. तोच करायला लावील. पण आई, तिथून मी जे बोलेन ते खरं धरू नका."

संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. सरांनी तो दोघांना ऐकू यावा असा मोठ्या आवाजात लावला.

"बाबा, पोचले. ईशा जेवली. सगळं ठीक आहे."

मागून उन्मेषचा आवाज आला, हसरा, अदबशीर. "बाबांना माझा नमस्कार सांग."

"त्यांनी नमस्कार सांगितलाय," सावनी म्हणाली.

कमलाताई सरांच्या तोंडाकडे बघत होत्या. सरांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"बरं," ते म्हणाले. "त्यांनाही सांग."